पुसली जाणारी साक्ष

२०२५ सालच्या जुलै महिन्यात, अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने, दक्षिण मुंबईतील दोन न्यायालयांनी दोन निकाल दिले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातील सर्व सात आरोपींची मुक्तता केली. पहिल्या निकालाने देशभर हळहळ आणि संताप उमटला. दुसऱ्या निकालाने, ज्यांनी 'भगवा दहशतवाद' हा शब्द रूढ करण्यासाठी आपली सारी शक्ती खर्ची घातली होती, त्यांची तोंडे बंद झाली. वृत्तवाहिन्यांवर दोन्ही निकालांची चर्चा आपापल्या सोयीने झाली आणि महिन्याभरात ती विरूनही गेली. परंतु हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते, आणि तिच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. आरोपी वेगळे, तपासाची दिशा वेगळी, त्यामागचे राजकारण वेगळे. पण खटला कोसळण्याची कारणे पाहिली तर दोन्हीकडे एक दुवा समान आहे. जो पुरावा जागेवर मिळायला हवा होता, तो नीट टिपला गेला नाही. जो मिळाला, तो नीट राखला गेला नाही.

रेल्वे बॉम्बस्फोटांचा प्रसंग मुंबईकर विसरलेला नाही. संध्याकाळची गर्दीची वेळ, चर्चगेटहून निघालेल्या पश्चिम रेल्वेच्या गाड्या, पहिल्या वर्गाचे डबे आणि अकरा मिनिटांत सात स्फोट. माटुंगा-माहीमपासून मीरा रोड-भाईंदरपर्यंत रुळांवर प्रेतांचा खच पडला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, शेकडो जायबंदी झाली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, त्यांपैकी पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. दहा वर्षांनी उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, साक्षीदारांनी पुष्कळ दिवसांनंतर केलेल्या ओळखीवर विसंबता येत नाही, ही कारणे तर होतीच. त्यांच्या जोडीला न्यायालयाने सांगितलेले एक कारण प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. आरडीएक्स, डिटोनेटर, कुकर, सर्किट बोर्ड अशा वस्तू जप्त केल्याचे सरकार पक्षाने सांगितले; मात्र त्या वस्तू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत योग्य ताब्यात होत्या आणि त्यांची मोहोर शाबूत होती, हे सिद्ध करता आले नाही. स्फोटांत कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला गेला, हेदेखील अभियोग पक्षाला अभिलेखावर आणता आले नाही. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. पुढची न्यायालयीन लढाई तिच्या गतीने चालेल. पण ज्या घरातला कर्ता पुरुष त्या संध्याकाळी परतलाच नाही, त्या घराला एकोणीस वर्षांनंतर काय मिळाले? 'कोणी केले ते सिद्ध झाले नाही' एवढे एकच वाक्य!

मालेगावच्या खटल्यातही हीच कथा आहे. स्फोट झाला, सहा माणसे मेली, याबद्दल कोणाला शंका नव्हती. पण स्फोटके त्या मोटारसायकलीतच ठेवली होती हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. घटनास्थळाचा पंचनामा करताना जागेचा नकाशा काढला गेला नव्हता, बोटांचे ठसे घेतले गेले नव्हते, नमुने दूषित झाले होते, अशा त्रुटींवर न्यायालयाने नेमके बोट ठेवले. साध्वी प्रज्ञासिंह, कर्नल पुरोहित आणि त्यांच्यासह उभे केले गेलेले अन्य आरोपी सतरा वर्षे ज्या यातनांतून गेले, त्यांची भरपाई कोणत्याही निकालाने होणार नाही. एक गोष्ट मात्र येथे प्रांजळपणे लक्षात घेतली पाहिजे. घटनास्थळाचा काटेकोर पंचनामा हे निरपराध्याचेही कवच असते. तो पहिल्याच दिवशी नीट झाला असता, तर तपासाला हवी तशी दिशा देण्याची सोय कोणालाच उरली नसती. रिकाम्या पानावर वाटेल ते लिहिता येते. भरलेल्या पानावर नाही.

म्हणून आम्हाला वाटते की, हा प्रश्न 'आपले' आरोपी आणि 'त्यांचे' आरोपी असा मांडण्याचा नाही. मेलेल्याला न्याय आणि निरपराध्याला संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच जागेवर अवलंबून असतात, आणि ती जागा म्हणजे गुन्हा जेथे घडला ते ठिकाण. ते पहिला साक्षीदार आहे. त्याला फितवता येत नाही, धमकावता येत नाही. पण त्याला पुसून टाकता येते, आणि तेही बहुधा द्वेषाने नव्हे, तर निष्काळजीपणाने.

हे काम नीट झाले की काय घडते, याचे उदाहरण आपल्या दादरमध्येच आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. दादरचे प्लाझा चित्रपटगृह, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, वरळीचे सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, शेअर बाजार. २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी वरळीला एक मारुती व्हॅन बेवारस सापडली. तिच्यात शस्त्रे होती. नोंदणीवरून धागा माहीमच्या मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत गेला. दोन दिवसांनी, १४ मार्चला, दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर एक स्कूटर उभी असलेली आढळली. तिच्यातील स्फोटके फुटली नव्हती. मेमन यांच्या घराच्या झडतीत एक किल्ली मिळाली होती. ती किल्ली या स्कूटरला लागली! अडीचशेहून अधिक बळी घेणारा, सीमेपलीकडून आखलेला कट, आणि त्याचा एक मजबूत दुवा म्हणजे तळहातावर मावेल एवढी किल्ली. झडती घेणाऱ्याने 'असेल कसली तरी' म्हणून ती बाजूला टाकली असती, किंवा नोंद न करता खिशात घातली असती, तर तो दुवा कायमचा तुटला असता.

दुसरे उदाहरण गिरगावचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलत कसाबला जिवंत पकडून दिले. हा पराक्रम आपण दरवर्षी आठवतो, तो आठवलाच पाहिजे. मात्र त्या खटल्याचा डोलारा केवळ पकडलेल्या दहशतवाद्यावर उभा राहिला नव्हता. 'कुबेर' नौकेवर सापडलेले जीपीएस यंत्र, किनाऱ्यावर सोडलेल्या रबरी बोटीच्या यामाहा इंजिनाचा पाकिस्तानपर्यंत लागलेला माग, नौकेवरचा आणि बॉम्बच्या बांधणीतला गुलाबी फोम, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर वृत्तपत्र छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून टिपलेली छायाचित्रे असे एकेक दगड रचत तो खटला उभा राहिला. म्हणूनच तो सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला फाशी झाली.

त्याच खटल्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अधिक शिकवणारी आहे. गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात हाताने काढलेला एक नकाशा मिळाला, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्या नकाशावरून दोन भारतीय आरोपींचा कटाशी संबंध जोडला गेला. न्यायालयाने तो नकाशा पाहिला. ज्या पँटवर रक्त होते, तिच्या खिशातून निघालेल्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता. चुरगळल्याची खूणही नव्हती. हा पुरावा न्यायालयाने स्वीकारला नाही, आणि दोन्ही आरोपी सुटले. उच्च न्यायालयानेही तेच म्हटले, सर्वोच्च न्यायालयानेही. म्हणजे एकाच रात्रीच्या, एकाच खटल्यात न्यायालयाने इंजिनाच्या क्रमांकावर विश्वास ठेवला आणि नकाशावर ठेवला नाही. न्यायालय देशभक्तीचे मोजमाप करत नाही. ते कागदावरचा डाग पाहते. हे ज्याला कळले त्याला पुराव्याचे मर्म कळले.

हे शास्त्र परके किंवा अगदी नवे आहे असेही नाही. ऑस्ट्रियाचे तपास दंडाधिकारी हान्स ग्रोस यांचा या विषयावरील पायाभूत ग्रंथ १८९३ साली निघाला, आणि त्याची इंग्रजी आवृत्ती १९०६ मध्ये तयार झाली ती आपल्या मद्रासमध्ये. बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाचे मोलाचे काम कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी केले. पुढे फ्रान्समध्ये एडमंड लोकार्ड यांनी एक साधे सूत्र मांडले : दोन वस्तूंचा स्पर्श झाला की दोन्हींवर एकमेकींचे काहीतरी राहते. गुन्हेगार काही ठेवून जातो आणि काही घेऊन जातो. आपल्याकडे ज्ञानाची वानवा नव्हती. वानवा आहे ती शिस्तीची.

ही शिस्त आहे तरी काय? पहिल्याने पोहोचणाऱ्या शिपायाने जखमीला मदत करावी, आणि मग कोणालाही आत सोडू नये. जाण्यायेण्याची वाट एकच ठेवावी, आत गेलेल्या प्रत्येकाचे नाव आणि वेळ टिपावी. काही उचलण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत : आधी दुरून संपूर्ण जागेची, मग मध्यम अंतरावरून, मग अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग स्थळदर्शक नकाशा काढावा. प्रत्येक वस्तूचे अंतर भिंतीचा कोपरा, विजेचा खांब अशा दोन न हलणाऱ्या खुणांपासून मोजावे, म्हणजे दहा वर्षांनीही ती वस्तू कोठे होती हे न्यायाधीशांना दाखवता येते. त्यानंतरच एकेक वस्तू, हातमोजे बदलत, वेगवेगळ्या पाकिटांत जावी. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा असतो. ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर त्याला बुरशी लागते आणि साक्ष तेथेच कुजते. जळालेल्या जागेवरचे नमुने उलट हवाबंद डब्यात ठेवावे लागतात, नाहीतर रॉकेल-पेट्रोलचा अंश उडून जातो. प्रत्येक पाकिटावर मोहोर, पंचांच्या सह्या आणि तारीख हवी. मुद्देमाल कोणी कोणाला कधी दिला याची नोंद कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेपर्यंत अखंड हवी. या साखळीतील एक कडी तुटली की सारी साखळी निरुपयोगी ठरते.

मुंबईत हे काम दुप्पट कठीण आहे, हे मान्यच करावे लागेल. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरचा कबुतरखाना येथे स्फोट झाले, तेव्हा पाऊस पडत होता. ऑपेरा हाऊसच्या गल्लीत किंवा दादर स्थानकाबाहेर पावसाच्या एका सरीत काय काय वाहून जाते, ते आपण रोज पाहतो. शिवाय येथे जागा नाही, थांबायला वेळ नाही आणि गर्दीला अंत नाही. रेल्वे स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावू लागल्या, आणि मुंबईच्या जिद्दीचे आपण सर्वांनी कौतुक केले. ते योग्यच होते. त्या रात्री रुळांवर उतरून चादरींतून जखमींना वाहून नेणाऱ्या सामान्य माणसांपुढे मान लवते. तथापि, या जिद्दीच्या कौतुकात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. रस्ता मोकळा करण्याची जी घाई आपल्याला असते, तितकीच निकड रस्ता मोकळा होण्याआधी सारे टिपून घेण्याची असते काय? शहर थांबत नाही याचा अभिमान बाळगावा. पण जेथे माणूस मारला गेला त्या दहा फूट जागेपुरते तरी शहराने थांबायला शिकले पाहिजे.

हा झाला पोलीस आणि प्रशासनाचा भाग. आपला स्वतःचा, म्हणजे समाजाचा भाग कोणता? लालबाग-परळच्या चाळीत एखाद्या खोलीत संशयास्पद मृत्यू झाला की काय होते, ते आठवून पाहावे. पोलीस येण्यापूर्वी अर्धी चाळ आत जाऊन येते. कोणी माउली दयेपोटी मृतदेहावर चादर घालते, कोणी डोक्याशी दिवा लावते, कोणी लहान मुलांनी पाहू नये म्हणून रक्त पुसून घेते. कोणी पडलेला सुरा 'कोणाच्या पायाला लागेल' म्हणून उचलून फळीवर ठेवतो. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. आपल्या संस्कारात मृत्यूनंतर घर शुद्ध करण्याची ओढ आहे, शेजारधर्म आहे. पण त्या प्रेमळ हातांनीच मृताची शेवटची साक्ष पुसली जाते. अशा वेळी शेजारधर्म वेगळा असतो : जीव असेल तर रुग्णालयात न्यावे, जीव नसेल तर दाराबाहेर उभे राहावे, कोणाला आत सोडू नये, १०० किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. दिवा लावायला वेळ आहे, पाणी शिंपायला वेळ आहे. पुरावा टिपण्याची वेळ मात्र एकदाच येते. हातातल्या मोबाईलने चित्रण करून ते सर्वांना पाठवण्याचा मोह तर निश्चयाने टाळला पाहिजे.

आणि पंच! पंचनाम्याला दोन पंच हवेत म्हटले की जमलेली शंभर माणसे पाच मिनिटांत पांगतात. कोर्टाचे खेटे कोण घालणार? तारखांना सुट्टी कोण देणार? ही तक्रार खोटी नाही. पंचांना तासन्‌तास ताटकळत ठेवणाऱ्या व्यवस्थेने ती ओढवून घेतली आहे. परंतु त्याचा परिणाम काय होतो? कायद्याला अपेक्षित आहे परिसरातील स्वतंत्र आणि प्रतिष्ठित नागरिक. मिळतो तो ठाण्याच्या आसपास नेहमी उपलब्ध असणारा, अनेक पंचनाम्यांवर सही केलेला माणूस. बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत पहिला घाव तेथेच घालतो. शिक्षक, बँकेतील निवृत्त अधिकारी, गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता अशी माणसे पंच म्हणून उभी राहिली, तर पंचनाम्याचे वजन वाढेल. पूर आला, दरड कोसळली की आपले कार्यकर्ते न बोलावता धावतात. पंच म्हणून दोन तास उभे राहणे, डोळसपणे पाहून मगच सही करणे आणि दहा वर्षांनी न्यायालयात जाऊन जे पाहिले तेवढेच सांगणे, हीसुद्धा समाजसेवाच आहे. तिला हारतुरे मिळत नाहीत, एवढाच फरक.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या बाबतीत महत्त्वाचे पाऊल उचलले आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करणे आवश्यक झाले. कलम १७६ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. हे अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. ब्रिटिशांनी शासन टिकवण्यासाठी रचलेल्या चौकटीतून बाहेर पडून न्यायाला केंद्रस्थानी ठेवण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. तरीही सावधगिरीचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. कॅमेरा नीट धरलेल्या हाताची साक्ष देतो, तशी निष्काळजी हाताचीही देतो. चित्रण झाले आणि मोहोर लावली नाही, तर चित्रणच उद्या सरकार पक्षाविरुद्ध उभे राहील. तज्ज्ञांची पदे भरली नाहीत, प्रयोगशाळेत नमुने महिनोन्‌महिने पडून राहिले, मुद्देमालाच्या खोलीत उंदीर आणि ओल यांचेच राज्य राहिले, तर कलम कागदावरच शोभून दिसेल.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. पोलीस शिपायाच्या प्रशिक्षणात कवायतीइतकेच घटनास्थळ राखण्याला महत्त्व द्यावे. प्रत्येक ठाण्यातील मुद्देमालाची खोली कोरडी, कुलूपबंद आणि नोंदीची असावी. ज्या खटल्यात पुराव्याच्या हाताळणीमुळे आरोपी सुटले, त्या निकालाचा अभ्यास त्या ठाण्यातच व्हावा. दोषी शोधण्यासाठी जितका, तितकाच पुढच्या वेळी चुकू नये म्हणून. पंचांना न्यायालयात सन्मानाने वागवावे, त्यांची साक्ष ठरल्या दिवशी व्हावी. आणि आपण नागरिकांनी, ज्यांना न्याय हवा आहे त्यांनी, न्यायाच्या कामात दोन तास द्यावेत.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचे स्मारक आहे. तेथून जाताना हात आपोआप जोडले जातात. शस्त्रावाचून त्यांनी बंदूक धरून ठेवली, ती सुटू दिली नाही. त्यांच्या बलिदानाचे मोल जाणणाऱ्या व्यवस्थेकडून एवढीच अपेक्षा आहे की, जे प्राणांच्या मोलाने हाती आले ते तिने ढिलाईने निसटू देऊ नये. शूरांनी आपले काम केले. आता काम उरले आहे ते मोजपट्टी घेऊन वाकून बसणाऱ्याचे, मोहोर लावणाऱ्याचे आणि दाराशी उभे राहून 'आत जाऊ नका' म्हणणाऱ्याचे. ते काम न झाल्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्या दहा दिवसांतील दोन निकालांनी दाखवून दिले आहे.